आधी विचारा, घरात पैसा कधी येतो

हा प्रश्न सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरांनी पाठवला आहे. दोन महिन्यांनी त्या केनियातल्या किसुमू शहराजवळ एका मिशन हॉस्पिटलात रुजू होणार आहेत. त्या लिहितात, "आफ्रिकी कुटुंबांच्या आरोग्यावर आहार, पैसा आणि श्रद्धा या तिन्हींचा मोठा परिणाम होतो, असं वाचलं. पण नेमका कसा? मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना सल्ला देताना यातलं आधी काय धरायचं? शिवाय मी शाकाहारी आहे, तिकडे निभेल का?"

शाकाहाराचं शेवटी सांगते. आधी 'आफ्रिकी कुटुंब' हा शब्द सामानातून काढून ठेवा. ५४ देशांचा खंड आहे. 'आशियाई घरात काय खातात' असं कोणी विचारलं तर तुम्ही जपान धराल की जालना? मी किसुमूत १९ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि त्यातली बरीचशी व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ जमातीच्या घरांमधून गेली. त्यामुळे जे सांगते ते इथलं. नैरोबीच्या पगारदार घराला यातलं निम्मं लागू पडेल, मोंबासाच्या मुसलमान घराला आणखी कमी.

मी आले तेव्हा सामानात आहारतक्ते होते. छान रंगीत, सकाळी काय, दुपारी काय, फळ कधी, कडधान्य किती. त्या तक्त्यांचं काय झालं ते एका बाईवरून सांगते. ही बाई ओमेना विकायची. ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बोटाएवढी चंदेरी मासळी. वाळवून विकतात, वासाला आपल्या सुकटीच्या जवळची. बाईला मधुमेह होता. नेमाने यायची, तक्ता ऐकून घ्यायची, मान डोलवायची. पण साखर एकदा आभाळाला टेकलेली, तर पुढच्या खेपेला इतकी खाली की हात थरथरायचे. डॉक्टर गोळी वाढवायचे, कमी करायचे. मी तिला "तुम्ही तक्ता पाळत नाही" म्हणून सुनवायचे. शेवटी आमच्याकडची एक जुनी नर्स मला म्हणाली, "तारखेशेजारी चंद्रही लिहीत जा."

ओमेना अंधाऱ्या रात्री धरतात. होड्यांवर दिवे लावायचे, उजेडाला मासा गोळा होतो, मग जाळं टाकायचं. पौर्णिमेच्या आगेमागे सगळं पाणीच उजळलेलं असतं. दिव्याकडे मासा फिरकत नाही आणि होड्या काठाला पडून राहतात. म्हणजे या बाईच्या हातात अमावास्येच्या सुमारास पैसा आणि पौर्णिमेच्या सुमारास उधारी. पैशाच्या दिवसांत घरात तळलेला मासा, चपाती, भात. चणचणीच्या दिवसांत एकदा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि उरलेला वेळ कोऱ्या चहावर. गोळी मात्र दोन्ही पंधरवड्यांत तीच. आम्ही वर्षभर चंद्राच्या कला मोजत होतो आणि बाईला बेशिस्त म्हणत होतो.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. 'काय खाता' हा नव्हे, 'घरात पैसा कधी येतो' हा. 'किती येतो' हेसुद्धा नंतर. बोडाबोडावाल्याचा, म्हणजे मोटरसायकलवर माणसं नेणाऱ्याचा पैसा रोज संध्याकाळी येतो आणि रोज रात्री संपतो. शिक्षकाचा महिनाअखेरीला येतो. चेमेलिल, मुहोरोनीच्या पट्ट्यात ऊस आहे. तो तयार व्हायला दीडेक वर्ष लागतं आणि कारखान्याचं बिल कधी निघेल याचा भरवसा नसतो. हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. शिवाय इथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. डिसेंबरात गावी जाऊन नाताळ झालेला असतो, जानेवारीत फी भरायची असते. स्वाहिलीत 'न्जा' म्हणजे भूक, म्हणून लोक त्या महिन्यालाच 'न्जानुअरी' म्हणतात. थट्टेने म्हणतात, पण माझ्याकडच्या रुग्णांच्या वजनाच्या नोंदवहीत तो महिना दरवर्षी दिसतो.

पैसा थेंबाथेंबाने येतो, म्हणून खरेदीही थेंबाथेंबाने होते. त्याला 'कडोगो' म्हणतात, म्हणजे छोटुसं. दुकानात तेलाच्या पंपाखाली बाटली धरायची आणि वीस शिलिंगांचं तेल घ्यायचं. साखर, चहापत्ती, पीठ सगळं असंच. किलोमागे हिशेब केला तर गरिबाला सगळं महाग पडतं, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. "एकदम घेतलं तर स्वस्त पडेल" हा सल्ला कृपा करून देऊ नका. मी दिला होता.

कडधान्याचंही तसंच. माझ्या तक्त्यात रोज वाटीभर घेवडा होता. मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवून 'गिथेरी' करतात, प्रथिनांच्या दृष्टीने जोड उत्तम. पण घेवडा शिजायला दोन-अडीच तास लागतात, आणि शहरातल्या वस्तीत शेगडी कोळशाची. घेवड्यापेक्षा कोळसा महाग पडतो. त्याच शेगडीवर सुकुमा विकी दहा मिनिटांत होते. ही कोबीच्या कुळातली हिरवी पालेभाजी, बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परततात. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. आपण दिवस ढकलतो, ते आठवडा ढकलतात. आता मी घेवड्याविषयी बोलते ते रात्रभर भिजवण्यापासून, आणि शेजारच्या तीन घरांनी एकाच पातेल्यात शिजवून वाटून घेण्यापर्यंत. एका वस्तीत बायका हे आपापसात करूही लागल्या. माझं श्रेय त्यात फारसं नाही, त्यांना कोळशाचा हिशेब पटला.

उगालीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण येणारा प्रत्येक भारतीय डॉक्टर पहिल्या आठवड्यात तिच्यावर घसरतो. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची उकड, पण सुरीने कापता येईल इतकी घट्ट. लुओ भाषेत 'कुओन'. ती पोटात गेली नाही तर माणूस जेवलाच नाही. भात खाल्ला, चिप्स खाल्ले, ते जेवण नव्हे. पण हा मका मूळचा इथला नाही. तो अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्फत आला. मुख्य अन्न झाला तो विसाव्या शतकात. गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरांना मक्याचं पीठ रेशन म्हणून मिळे आणि त्याचीच सवय लागली. त्याआधी सरोवराकाठी ज्वारी आणि नाचणी खात. नाचणी तर आपल्याकडे गेली तीच इकडून, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून, हजारो वर्षांपूर्वी. इथे तिला स्वाहिलीत 'विंबी' म्हणतात, लुओत 'काल'. तिची पातळ पेज म्हणजे 'उजी'. आंबवलेली उजी पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला यात्रेतली आंबील आठवली आणि घशाशी काहीतरी आलं. परदेशात माणसाला आंबिलीने रडू येतं, हे आधी कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

म्हणून "उगाली बंद करा" असं सांगू नका. पिठाबद्दल बोला. पाकिटातलं चाळलेलं पांढरंशुभ्र पीठ प्रतिष्ठेचं, गिरणीवरून दळून आणलेलं कोंड्यासकटचं पीठ गरिबीचं, अशी समजूत आहे. त्यातही मेख आहे. २०१२ पासून पाकिटबंद पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळणं कायद्याने बंधनकारक आहे, गिरणीच्या पिठात ती नसतात. शिवाय घरचा मका नीट वाळला नसेल तर बुरशी धरते. २००४ साली देशाच्या पूर्व भागात, मकुएनी आणि किटुई या जिल्ह्यांकडे, अशा मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले. तेव्हा 'घरचं ते चांगलं' हे आपलं ठाम मत इथे जरा सैल ठेवावं लागतं. मी मधुमेह्यांना मक्यात ज्वारी किंवा नाचणी मिसळायला सांगते. तपकिरी उगाली आजीच्या हातची होती, त्यामुळे म्हातारी माणसं खूश होतात. तरुण कुरकुरतात.

पिठाचा भाव हा इथे राजकारणाचा विषय आहे. दोन किलोचं पाकीट २०१७ मध्ये सरकारने ९० शिलिंगांवर आणलं. २०२२ मध्ये ते २०० च्या वर गेल्यावर जुलैत पुन्हा अनुदान देऊन १०० वर आणलं. दोन्ही वर्षं निवडणुकीची होती.

लहान मुलांच्या उजीचा विषय निघाला की मी थांबत नाही, तरी आवरतं घेते. पिठाची पेज मुलाला गिळता यावी म्हणून पातळ करतात, मग पोट भरतं पण अंगी लागत नाही. उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता: नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. मोड आलेल्या धान्यातल्या विकरामुळे स्टार्च सुटतो, पेज पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. ही रीत इथेही होती, पण मोडाची नाचणी बायकांना माहीत ती दारू गाळण्यासाठी. एका आईने मला सरळ विचारलं, "बाळाला बुसा पाजू म्हणतेस?" बुसा ही इथली धान्याची आंबट दारू. मी पाटणच्या माझ्या आजीच्या नाचणी सत्त्वाची गोष्ट सांगितली, करून दाखवली, आधी स्वतः प्यायले. मग पटलं. उलट बाजारात दहा-दहा जिन्नस एकत्र दळलेलं 'पौष्टिक' पीठ मिळतं, त्यात शेंगदाणे आणि ओमेनाही असतात. ते महिनाभर डब्यात राहिलं की शेंगदाण्याला बुरशी आणि माशाला खवट वास. ओमेनाची पूड वेगळी ठेवा, उजी उतरवताना चमचाभर घाला. देशभरात पाच वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २०१४ मध्ये २६ टक्के होतं, २०२२ मध्ये १८ वर आलं. सुधारणा खरी आहे.

मासा सरोवराचा, पण सगळा सरोवराकाठच्यांच्या ताटात येत नाही. म्बुटा हा मोठा मासा विसाव्या शतकाच्या मध्यात सरोवरात सोडला गेला. त्याचे काप कारखान्यांतून परदेशी जातात. उरलेले डोकं आणि काटे ओबुंगा वस्तीत तळून विकतात. त्याला नाव आहे 'म्गोंगो वाझी', उघडी पाठ. कॅल्शियम भरपूर, पण तेलही तितकंच, आणि ते तेल कितव्यांदा तापलंय हे विचारू नये. मासा मिळवण्यासाठी विक्रेत्या बायकांना कोळ्यांशी शरीरसंबंध ठेवावे लागण्याची 'जाबोया' नावाची रीतही या काठावर आहे. २०१८ च्या पाहणीत प्रौढांतला एचआयव्ही देशात ४.९ टक्के होता आणि शेजारच्या होमा बे जिल्ह्यात १९.६ टक्के. त्याला हे एकच कारण नाही. पण 'आहार' आणि 'पैसा' हे दोन वेगळे रकाने करणाऱ्या माणसाने एकदा पहाटे होड्या लागतात तेव्हा काठावर उभं राहावं.

एचआयव्हीमुळेच आणखी एक गोष्ट तुमच्या दवाखान्यात रोज येईल. तुम्ही रक्तदाबाच्या बाईला वजन कमी करायला सांगाल, ती हो म्हणेल आणि करणार नाही. औषधं नव्हती त्या वर्षांत या भागात माणसं वाळत वाळत गेली. अजूनही बाई बारीक झाली की शेजारी कुजबुजतात. अंगाने भरलेली असणं म्हणजे नवरा कमावतो आणि 'तो' आजार नाही, अशी दुहेरी पावती. मी वजन हा शब्दच टाळते. गुडघे, दम, चढण यांबद्दल बोलते.

आता पैशाची दुसरी बाजू, म्हणजे माणसं एकमेकांना कशी धरून ठेवतात ती. तुम्हाला इथे सर्वांत ओळखीची वाटेल ती गोष्ट 'चामा'. ही आपली भिशीच. दहा-वीस बायका, आठवड्याची ठरावीक रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळी. तिचीच मोठी बहीण म्हणजे जमा रकमेतून व्याजाने कर्ज देणारा गट, अगदी आपला बचत गट. मी दोन गटांना औषधाची वेगळी डबी सुरू करायला सुचवलं: दर आठवड्याला प्रत्येकीचे वीस शिलिंग, आणि ज्यांना रक्तदाबाची गोळी लागते त्यांची गोळी त्यातून आधी. एका गटात ती डबी अजून चालते. दुसऱ्या गटाने सहाव्या महिन्यात त्या पैशाच्या खुर्च्या घेतल्या, लग्नकार्याला भाड्याने द्यायला. त्यांचं म्हणणं असं की खुर्च्यांच्या भाड्यातून गोळ्या येतील. आल्याही, काही महिने.

मोबाइलवरचा पैसा हा इथला खरा नातेवाईक. एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं (पेसा म्हणजे आपला पैसाच, शब्द इकडे समुद्रातून आला, तसाच विम्याचा 'बिमा'ही). त्यावरचा गाजलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यानुसार एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे दोन टक्के, गरिबीतून बाहेर आली. मी जे पाहिलं ते साधं आहे: मूल तापाने फणफणलं की नैरोबीतला दीर, मोंबासातली बहीण दोनशे-तीनशे शिलिंग पाठवतात आणि बाई रात्रीच दवाखाना गाठते. पण जानेवारी २०१९ मध्ये 'फुलिझा' आलं, खात्यात नसलेले पैसेही वापरू देणारी सोय. पुढे जे काही जमा होईल त्यातून ते आपोआप कापलं जातं. माझ्या रुग्णांपैकी कित्येकजणी त्यावर औषध घेतात, आणि मग भावाने जेवणासाठी पाठवलेले पैसे येताक्षणी गायब होतात. "गोळ्या घेतल्या का?" इतकंच विचाराल तर उत्तर "हो" येईल. गोळ्या कुठल्या पैशाने घेतल्या, हेही विचारा.

सरकारी विम्याचं एकाच वाक्यात सांगता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुना फंड जाऊन सोशल हेल्थ ऑथॉरिटी आली. पगारदाराच्या पगारातून २.७५ टक्के कापतात. हातावर पोट असलेल्याला किमान ३०० शिलिंग महिना, पण भरायचे वर्षाचे एकदम. म्हणजे ३,६०० शिलिंग एका दिवशी, आणि त्या माणसाच्या हातात एका दिवशी कधीच इतके नसतात. पुढे २०२५ मध्ये 'हळूहळू भरा' अशी कर्जाची सोय काढावी लागली. रक्कम बेतणाऱ्यांनी पैसा किती ते पाहिलं, कधी ते पाहिलं नाही. माझं तेच जुनं भांडण.

पैशाने तब्येत खरंच बदलते का, यावर आता पुरावा आहे, आणि तो शेजारच्या सियाया जिल्ह्यातलाच. गिव्हडायरेक्टली या संस्थेने २०१४ ते २०१७ मध्ये तिथल्या दहा हजारांहून अधिक गरीब घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर दिले. कशाला वापरा असं काही सांगितलं नाही. २०२५ मध्ये आलेल्या विश्लेषणात त्या घरांतले वर्षाच्या आतले बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले. बायका दवाखान्यात बाळंत झाल्या आणि दिवस भरत आल्यावर शेतातलं कष्टाचं काम कमी करू शकल्या. ज्यांच्या घराजवळ डॉक्टर असलेला दवाखाना होता, तिथे हा फरक सर्वांत मोठा. नुसता पैसाही पुरत नाही, नुसता दवाखानाही नाही.

आणि मयत. लुओ माणसाला त्याच्या मूळ गावी, घराच्या आवारातच पुरायला हवं. मग शवागाराचं रोजचं भाडं, गाडी, शवपेटी, शेकडो माणसांचं जेवण. व्हॉट्सअॅप गटावर वर्गणी गोळा होते, तिला 'हरांबे' म्हणतात. अनिरुद्ध कृष्ण या संशोधकाने पश्चिम केनियातल्या २० गावांत घरं गरिबीत का घसरली हे शोधलं, तेव्हा आजारपणाचा आणि मयताचा खर्च वर आला. "जिवंतपणी गोळीला शंभर शिलिंग निघत नाहीत, मेल्यावर लाख निघतात" असं इथले डॉक्टर चिडून म्हणतात. मीही म्हणायचे. पण नीट बघा: गोळीचा खर्च एका घराचा असतो, मयताचा सगळ्या गोताचा. आज मी तुझ्या आईला दिलं, उद्या तू माझ्या आईला देशील. गोळीला असा धागा नाही. म्हणूनच चामात औषधाची डबी घालायचा माझा खटाटोप.

इथून आपण श्रद्धेपाशी पोचतोच, कारण ती वर्गणी बहुधा चर्चमधून सुरू होते. देशात २०१९ च्या जनगणनेत ख्रिस्ती साधारण ८५ टक्के होते, पण 'ख्रिस्ती' या एका शब्दात कॅथलिक, अँग्लिकन, सातव्या दिवसाचे अॅडव्हेंटिस्ट, कॅथलिकांतून फुटून लुओंनी स्थापलेली लेजिओ मारिया आणि पत्र्याच्या शेडमधली असंख्य पेंटेकोस्टल चर्चेस आली. तुमच्यासाठी हा तपशील कामाचा आहे. अॅडव्हेंटिस्ट माणूस शनिवारी येणार नाही, दारू-तंबाखूपासून लांब असेल, बिनखवल्याचा मासा खाणार नाही. त्यांच्या चर्चमध्ये आहारावर प्रवचनच होतं, त्यामुळे मिठाबद्दल बोलायला मला सर्वांत सोपी जागा तीच.

उपासाचं मात्र सांभाळा. बऱ्याच पेंटेकोस्टल चर्चेसचा मोठा सामुदायिक उपास जानेवारीत असतो, कुठे २१ दिवसांचा, कुठे त्याहून मोठा. काही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, काही पाण्याविना. एका जानेवारीत मधुमेहाची एक बाई बेशुद्धावस्थेत आली. साखर उतरवणारी ग्लायबेनक्लामाइडची गोळी घेतलेली, पोटात काही नाही. शुद्धीवर आल्यावर मी तिला उपासावरून चांगलीच बोलले. देवाला तुमची साखर कळते का वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्या आठवड्यात तशीही चूल पेटणार नव्हती. फी भरली होती. चर्चमुळे मुलांना निदान सांगता आलं की आपण देवासाठी उपाशी आहोत."

उपास आणि उपासमार यांतलं अंतर आपल्या भाषेत एका शब्दाचं आहे. त्या घरात तेवढंही नव्हतं. तेव्हापासून मी डिसेंबरातच विचारते: यंदा उपास आहे का, किती तास, पाणी चालतं का, आणि उपास नसता तर काय खाल्लं असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं. गोळीचा डोस डॉक्टर त्यावर ठरवतात. पाद्र्याशी आधी बोललं तर तो आजाऱ्यांना बहुधा स्वतःच सूट देतो. आपल्याकडे एकादशीला साबुदाणा खाऊन साखर वाढवून घेणारे रुग्ण तुम्ही पाहिलेच असतील, त्यामुळे इथल्या श्रद्धेकडे वरून बघण्याचा मोह होणार नाही अशी आशा आहे.

श्रद्धेची काळी बाजूही आहे, ती झाकणार नाही. "तू बरी झालीस" असं व्यासपीठावरून ऐकून एचआयव्हीच्या गोळ्या सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. 'बी पेर' म्हणून मोबाइलवरून देणगी मागतात, आणि ती जाते औषधाच्याच पैशातून. २०२३ मध्ये किलिफी जिल्ह्यातल्या शाकाहोला जंगलात उपाशी राहून ख्रिस्ताला भेटायचं या शिकवणुकीने नेलेल्या लोकांची ४०० हून अधिक प्रेतं उकरून काढली गेली. त्यानंतर काही महिने इथले साधेसुधे पाद्रीही उपासाचा शब्द जपून उच्चारत. पण त्याच देशात दुर्गम भागातली कित्येक चांगली हॉस्पिटलं चर्चची आहेत. बोमेत जिल्ह्यातल्या टेनवेक हॉस्पिटलचं ब्रीद आहे, 'आम्ही उपचार करतो, येशू बरं करतो'. रुग्णाला यात विसंगती दिसत नाही. तुम्हालाही दिसायचं कारण नाही.

जुनं काहीही गेलेलं नाही. 'चिरा' हा शब्द ऐकाल. घरातला नियम मोडला, उदाहरणार्थ धाकट्याने थोरल्याच्या आधी घर बांधलं, तर त्या घरात कोणी वाळत जातं, ते चिरा. त्यावर 'मन्यासी' नावाचा पाल्याचा काढा. एचआयव्ही आणि क्षयाची लक्षणं याच नावाखाली दडली, त्यात फार माणसं गेली. कोणी चिरा म्हणालं तर "असं काही नसतं" म्हणू नका. बोलणं तिथेच संपतं. मी म्हणते, "काढा ज्याने द्यायचा त्याने दिला, आता थुंकीची तपासणीही करू." आणि काढ्यात काय होतं ते विचारून घेते, कारण मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला ते महत्त्वाचं असतं.

तर सुरुवात कुठून करायची. पहिल्या महिन्यात सल्ला कमी द्या. प्रत्येक रुग्णाला तीन गोष्टी विचारा: पैसा कधी येतो, पातेलं कोणाच्या हातात असतं, आणि अडचणीत पहिला फोन कोणाला करता. तिसऱ्याचं उत्तर चामाची अध्यक्षीण, पाद्रीण किंवा नैरोबीतला भाऊ असं काहीतरी येईल. त्या माणसाला पुढच्या खेपेला बोलवा. २०२३ पासून सरकारने देशभर सुमारे एक लाख सामुदायिक आरोग्य प्रवर्तक नेमले आहेत, आपल्या आशाताईंसारखे. त्यांच्याकडे रक्तदाब आणि साखर मोजायची साधनं आहेत. साखर तपासायच्या पट्ट्या मात्र संपलेल्या असतात. त्यांच्याशी दोस्ती करा. कुठल्या घरात चूल पेटली नाही हे त्यांना तुमच्या आधी कळतं.

आता शाकाहार. निभेल, आणि छान निभेल. तेरेरे म्हणजे आपला माठ, कुंडे म्हणजे चवळीचा पाला. म्रेंडा, ज्याला लुओ 'आपोथ' म्हणतात, भेंडीसारखी बुळबुळीत होते. पहिल्यांदा नाक मुरडाल, मग शोधत फिराल. मानागु थोडी कडू, दूध घालून शिजवतात. किबुये बाजारात रविवारी सकाळी जा. डाळी, हिंग, मोहरी गुजराती दुकानांत मिळतात. दुकानाला इथे 'डुका'च म्हणतात. काळा मसाला मात्र घरून आणा, आणि कुळीथ.

कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर जा. घरातली मुलगी तांब्या आणि परात घेऊन येईल आणि तुमच्या हातांवर पाणी घालेल. मासा खात नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सर्वांत मोठा तुकडा तुमच्यासमोर येईल आणि सगळं घर तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. उगालीचा लहान गोळा मोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि त्याने भाजी उचलायची. भाकरी मोडणाऱ्या हाताला ते दोन घासांत जमतं.